सदतीस नंबरचा दुसरा फॉर्म

शनिवार, १४ नोव्हेंबर २००९. दुपारी चार वाजता पुण्याच्या कॅम्प भागातल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये चाळीस खुर्च्या मांडलेल्या होत्या. सव्वाचारपर्यंत एकोणचाळीस भरल्या. सदतीस नंबर आला नाही.

"येईल," माहनाझ म्हणाली. तिच्या हातात चहाचा ट्रे होता. "वाटेत असेल."

साडेचारला मी फॉर्म वाटले. पावणेपाचला ते परत आले. पाचला हॉलचा रखवालदार किल्ल्या वाजवत दारात येऊन उभा राहिला. माहनाझने त्यालाही चहा दिला आणि मग रिकाम्या खुर्चीकडे पाहत माझ्या शेजारी बसली.

"वृंदा जान," ती म्हणाली, "हा मुलगा मला मारणार."

माहनाझ शिराझची. वय एकतीस. पुण्यात मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. फारसी बोलणाऱ्या पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींना व्हिडिओ गेमचं व्यसन किती लागलंय, हे मोजणारी वीस प्रश्नांची पट्टी तिने तयार केली होती. पुण्यात तेव्हा इराणी विद्यार्थी भरपूर होते. चारशेबारा जणांनी ती भरून दिली होती. आता शेवटची कसोटी राहिली होती. त्यांतल्या चाळीस जणांकडून दोन आठवड्यांनी तीच पट्टी पुन्हा भरून घ्यायची. दोन्ही वेळची उत्तरं जुळली तर पट्टी भरवशाची. "काट्याने आज पन्नास किलो दाखवले आणि परवा नव्वद, तर माणूस वाढला असं आपण म्हणत नाही, काटा बिघडला म्हणतो," असं तिच्या मार्गदर्शक बेहेरे मॅडम सांगत.

मी माहनाझची मदतनीस. एम.ए. नुकतंच झालेलं, आणि हौस म्हणून दोन वर्षं फारसी शिकलेली. मला घेण्याचं कारण भाषेपेक्षा वेगळं होतं. इराणी माणूस इराणी माणसासमोर फार अदबीने वागतो. मोठ्या बहिणीच्या वयाच्या बाईने विचारलं तर कुणी "मी दिवसभर खेळतो, आंघोळ करत नाही" असं लिहिणार नाही. म्हणून फॉर्म परक्या माणसाने वाटायचे, असं ठरलं होतं. ते मी वाटलेही. पण लोकांना बोलावलं माहनाझने, आणि आपण बोलावलेल्या माणसांना चहाशिवाय बसवून ठेवणं तिला जमण्यासारखं नव्हतं. दोन्ही वेळा ती ट्रे घेऊन रांगेतून फिरली. साखरेचे खडे, वेलचीची बिस्किटं, प्रत्येकाच्या आईची चौकशी. मला ते दिसत होतं. मी काही बोलले नाही, कारण बिस्किटं छान होती आणि मी तेवीस वर्षांची होते.

प्रत्येकाला पहिल्या दिवशी एक माहितीपत्रक दिलं होतं. फॉर्मवर नाव नाही, फक्त नंबर. नावांची यादी बेहेरे मॅडमच्या कपाटात, बंद पाकिटात. शेवटची ओळ अशी होती की, शंभरपैकी सत्तरच्या वर गुण आले तर पाकीट उघडून त्या व्यक्तीशी संपर्क साधला जाईल आणि आमचा समुपदेशक तिला भेटायला जाईल. ही ओळ विभागाच्या समितीने घालायला लावली होती. चारशेबारा जणांत पाकीट उघडायची वेळ एकदाही आली नव्हती.

सदतीस नंबर कोणाचा, हे आम्हाला कळायला नको होतं. पण चाळीस माणसांत कोण आलं नाही हे कळायला यादी लागत नाही.

"कियानूश," माहनाझ म्हणाली. "साळुंके विहारच्या मागे राहतो. मी गेले तर तो लाजेल. तू जाशील उद्या? एक दिवस उशीर चालतो."

"एकोणचाळीसवर नाही भागणार?"

तिने मॅडमचा आवाज काढला. मराठी तिला तेवढंच चांगलं येत होतं. "'चाळीस म्हणजे चाळीस, माहनाझ. समितीत मी काय सांगू, एक जण झोपला होता?'"

आम्ही दोघी हसलो. मग ती हसायची थांबली. प्रबंध ३० नोव्हेंबरला द्यायचा होता. व्हिसा ३१ डिसेंबरला संपत होता. आदल्याच आठवड्यात मॅडमनी तिला सांगितलं होतं की जुळणीचा आकडा पॉइंट आठच्या खाली आला तर पट्टी पुन्हा करावी लागेल. पुन्हा म्हणजे आणखी एक वर्ष, आणि ते वर्ष तिला कोणी देणार नव्हतं. चार वर्षं ती घरी गेलेली नव्हती.

रविवारी सकाळी अकराला मी साळुंके विहारमागच्या त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. दार उघडलं ते त्याच्याबरोबर राहणाऱ्या सोहराबने. अंगात बनियन, हातात कांदा.

मी फारसीत माझं नाव, काम आणि येण्याचं प्रयोजन सांगितलं. तो दाराला टेकून ऐकत राहिला.

"सुंदर," तो म्हणाला. "आता हवामान सांगा."

"काय?"

"तुम्ही रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलता, खानूम. पुस्तकातून शिकलात ना? या, आत या. कियानूश! तुझ्याकडे बातम्या आल्यात!"

आतल्या खोलीतून उत्तर आलं नाही. सोहराबने आवाज खाली आणला.

"चार दिवस झाले, बाहेर आलेला नाही. म्हणजे, येतो. बाथरूमपर्यंत. कॉलेज सप्टेंबरमध्येच सुटलं. तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. मी फॉर्म भरून घेते."

"अच्छा," तो म्हणाला, आणि कांदा चिरायला गेला.

खोलीत पडदे ओढलेले होते. टेबलावर सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा ढीग होता, नीट एका वर्तमानपत्रावर केलेला. मला पाहताच कियानूश कानांवरचे हेडफोन काढून उठला. एकोणीस वर्षांचा, उंच, दाढी वाढलेली. उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. खोलीतली एकमेव खुर्ची त्याने शर्टाच्या बाहीने पुसली आणि माझ्यापुढे केली.

"माफ करा, मी काल आलो नाही. माहनाझ खानूमना त्रास झाला. त्या रागावल्या?"

"नाही, अजिबात."

"रागावल्या असतील. चांगल्या आहेत म्हणून दाखवत नाहीत. चहा?"

"नको, खरंच नको."

त्याने तीनदा विचारलं, मी तीनदा नको म्हटलं, आणि सोहराबने चहा आणला. त्यांच्याकडे तसंच असतं. आमच्याकडेही फार वेगळं नसतं.

मी फॉर्म काढून दिला. तो उलटसुलट करून पाहत त्याने विचारलं, "हे कोण वाचतं?"

"मी. मग बेरीज करते."

"बेरीज झाल्यावर?"

"तक्त्यात जाते. तुमचं नाव कुठेच येत नाही."

"ते माहितीये. ते पाकिटात आहे." त्याला माहितीपत्रक पाठ असावं. "पाकीट कधी उघडतात?"

"गरज पडली तर."

"आत्तापर्यंत पडली?"

"नाही."

त्याने मान डोलावली. "चश्म," तो म्हणाला. म्हणजे, जशी आज्ञा. त्या भाषेतला सगळ्यात अदबशीर होकार. "तुम्ही स्वयंपाकघरात बसाल का? कोणी समोर असलं की मला लिहायला जमत नाही."

मी सोहराबबरोबर कांद्याच्या वासात बसले. हॉलमध्ये या फॉर्मला सात-आठ मिनिटं लागत. कियानूशने पंचवीस घेतली. बाहेर आला तेव्हा कागदाची घडी घातलेली होती. दोन्ही हातांनी त्याने तो मला दिला आणि लिफ्ट नसलेल्या त्या इमारतीचे तिन्ही मजले उतरून मला खालपर्यंत सोडायला आला. फाटकाशी त्याने उन्हाला हात आडवा धरला.

"आज कोणता वार?" त्याने विचारलं.

"रविवार."

"मग उद्या सोमवार," तो म्हणाला, जणू काही हिशेब लागला.

दुपारी दीडला मी धनकवडीला घरी पोचले. आई जेवणाच्या टेबलावर मटार सोलत होती. मी तिच्यासमोरच कागद उघडला.

"सुट्टीच्या दिवशीही परीक्षा?" आईने विचारलं.

"माझी नाही. दुसऱ्याची आहे."

"मग नापास कर आणि जेवून घे."

वीस प्रश्न. उत्तरं एक ते पाच. 'कधीच नाही' म्हणजे एक, 'नेहमी' म्हणजे पाच. पहिल्या वेळी, ३१ ऑक्टोबरला, सदतीस नंबरची बेरीज चौतीस होती. आता सोळा प्रश्नांना पाच होते आणि चार प्रश्नांना चार. बेरीज शहाण्णव.

मी ती तीनदा केली.

न वाचता सरसकट खुणा करणारे लोक असतात. त्यांना पकडायला माहनाझने मधेच एक जादा प्रश्न घातला होता, जो बेरजेत धरायचा नाही: 'गेल्या महिन्यात मी एकदाही पाणी प्यायलो नाही.' हॉलमध्ये त्यावर सगळे हसले होते. जो खुणा करत सुटतो तो तिथेही पाच टाकतो, आणि त्याचा फॉर्म नियमाने बाद करता येतो. कियानूशने तिथे एक टाकला होता. पहिल्या वेळीही आणि आजही.

कागदाच्या तळाशी 'आणखी काही सांगायचे असल्यास' अशी जागा होती. तिथे पेनाने चार ओळी लिहिलेल्या होत्या. अक्षर तिरपं, एकात एक गुंतलेलं.

मी संगणक सुरू केला. एकोणचाळीस जणांचे आकडे आदल्या दिवशीच भरून ठेवले होते. त्यांची जुळणी पॉइंट सत्त्याऐंशी. त्यात शहाण्णव घातले. पॉइंट सत्तर.

दोन वाजून पाच मिनिटांनी माहनाझचा फोन आला. मागे प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"आला का सदतीस?"

"आला."

"अल्लाचे आभार. किती?"

"चौतीस," मी म्हटलं.

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. आकडा माझ्यासमोर होता, पहिल्या फॉर्मवर.

"आणि मागच्या वेळी?"

"चौतीसच."

ती इतकी मोठ्याने हसली की आईने मटारावरून मान वर केली. "देव त्याचं भलं करो! मी त्या मुलाला मिठाई पाठवणार आहे. आकडा काढलास?"

"पॉइंट सत्त्याऐंशी. थोडा वरच."

मग ती आईशी बोलावं तसं फारसीत भरभर काहीतरी म्हणाली. मला त्यातला एकच शब्द कळला: घर.

सव्वादोनला मी कोरा फॉर्म घेतला. त्याच्यासारखं निळं पेन घेतलं. पहिल्या फॉर्मवरची उत्तरं एकेक करून उतरवली. सगळीच तंतोतंत असती तर संशय आला असता, म्हणून नवव्या प्रश्नाला दोनचा तीन केला. बेरीज तीच राहावी म्हणून चौदाव्याला दोनचा एक केला. वर सदतीस लिहिलं. तळाची जागा कोरी ठेवली. आई उठून गेली होती. सगळं मिळून सहा मिनिटं लागली.

कियानूशचा फॉर्म मी फाडला नाही. माझ्या मार्कशीटांच्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

३० नोव्हेंबरला प्रबंध दाखल झाला. बेहेरे मॅडमनी पेढे मागवले. "कानडे," त्या मला म्हणाल्या, "तुझं काम नेटकं आहे हो. एक फॉर्म गहाळ नाही."

२ डिसेंबरला, बुधवारी, मी साळुंके विहारला गेले. कशासाठी, हे मी घरी सांगितलं नव्हतं आणि स्वतःलाही फार स्पष्ट सांगितलं नव्हतं. मिठाईचा डबा मात्र हातात होता. माहनाझने दिला होता.

दार सोहराबने उघडलं. या वेळी त्याने थट्टा केली नाही.

"गेला," तो म्हणाला. "सव्वीस तारखेला. बॅग घेऊन गेला."

"कुठे?"

"तेहरानला जातो म्हणाला. काल त्याच्या आईचा फोन आला होता. विचारत होती, कियानूश फोन का उचलत नाही."

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. पडदे बाजूला केलेले होते. टेबल पुसलेलं होतं. संगणक तिथेच होता, हेडफोन त्याच्यावर गुंडाळून ठेवलेले.

"हा नेला नाही?"

"नाही. मलाही कळलं नाही. तो जेवण सोडेल, हा सोडणार नाही." त्याने डबा माझ्या हातातून घेतला, काय करायचं ते न सुचून परत माझ्याकडे दिला. "खानूम, एक विचारू? तुमच्याकडून कोणी यायचं होतं का?"

"कोणी म्हणजे?"

"माहीत नाही. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्याने दाढी केली. खोली झाडली. खाली जाऊन बिस्किटं घेऊन आला. मी म्हटलं, पोरगी येणारे का रे? तर म्हणाला, नाही, युनिव्हर्सिटीतून कोणीतरी. मंगळवारीही तसाच बसला, इस्त्रीचा शर्ट घालून. बुधवारीही. मग पुन्हा पडदे ओढले. त्याने काही लिहिलं होतं का तुमच्या कागदावर?"

"अक्षर लागलं नाही," मी म्हटलं.

सोहराब माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हो. त्याचं अक्षर वाईटच आहे."

जानेवारीत मी पुन्हा गेले तेव्हा त्या घरात एक नवं मराठी जोडपं राहत होतं. सोहराबचा नंबर बंद होता. माहनाझ २९ डिसेंबरलाच शिराझला परतली होती. तिला मी काही विचारलं नाही. मानसशास्त्र मी त्याच वर्षी सोडलं आणि एका दैनिकात लागले. आज तिथे मुख्य उपसंपादक आहे. माझ्या हाताखालच्या मुलांना मी सांगते की बातमीत एक आकडा चुकीचा गेला तरी दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर खुलासा छापायचा. मी कडक आहे असं ते म्हणतात.

या मार्चच्या सुरुवातीला, चौदा वर्षांनी, माहनाझचा मेसेज आला. ती आता शिराझमध्ये शाळांच्या समुपदेशकांना शिकवते. तिची पट्टी तिच्या प्रांतातल्या काही शाळा वापरतात. तिची नवी माहितीपुस्तिका छापायला जाणार होती, आणि तिची फाइल मेसेजला जोडलेली होती. 'तुझं नाव आभारात आहे,' तिने लिहिलं होतं. 'पान चव्वेचाळीस बघ. तुझा मुलगा आहे.'

पान चव्वेचाळीसवर दोन फॉर्म शेजारी शेजारी छापले होते. स्थिर उत्तरांचा नमुना म्हणून. डावीकडे ३१ ऑक्टोबर, उजवीकडे १५ नोव्हेंबर. नंबर सदतीस. खाली माहनाझने शिकाऊ समुपदेशकांसाठी टीप लिहिली होती: प्रश्न ९ आणि १४ पाहा, माणूस खरेपणाने उत्तर देतो तेव्हा असा किंचित फरक पडतोच.

उजवीकडच्या सगळ्या खुणा माझ्या होत्या.

त्याच टिपेखाली आणखी एक वाक्य होतं. इराणमधल्या शाळांत आजवर सत्तरच्या वर गुण फारच थोड्यांना मिळाले आहेत, असं. पट्टी कुठे, कशी भरून घ्यावी, हे पान बारावर होतं: शिक्षकाने विद्यार्थ्यांना चहा-सरबत देऊन, मोकळं वातावरण ठेवून, समोर बसून भरून घ्यावी.

मी फोल्डर काढला. मार्कशीटांच्या मागे कागद जसाच्या तसा होता, निळी शाई थोडी जांभळी झालेली. तळाच्या चार ओळी मी पुन्हा वाचल्या. पुन्हा म्हणतेय, कारण अक्षर मला पहिल्याच दिवशी लागलं होतं. जेवणाच्या टेबलावर, आईसमोर, फोन यायच्या आधी, मी त्या शेवटच्या शब्दापर्यंत वाचल्या होत्या:

'गेल्या वेळी माहनाझ खानूम समोर होत्या, म्हणून मी खोटं लिहिलं. माफ करा. आज खरं लिहिलंय. माहितीपत्रकात म्हटल्याप्रमाणे कोणी येणार असेल, तर मला कोणतीही वेळ चालेल. मी घरीच असतो.'

पुस्तिका छापायला जायची तारीख २० मार्च होती. ११ मार्चला, सोमवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मी त्या कागदाचा फोटो काढून माहनाझला पाठवला. खाली लिहिलं: 'सदतीस नंबरचा दुसरा फॉर्म हा आहे. पुस्तिकेतला मी भरला होता.' आणखी काही लिहिलं नाही.

अकरा बेचाळीसला तिने तो पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या. त्यानंतर तीनदा 'लिहीत आहे' असं दिसलं आणि तीनदा गेलं.

आज १९ मार्च आहे. उत्तर आलेलं नाही.